धरून ठेवल्याने पोपट माणसाळत नाही

सोडवून आणलेला पोपट हाताळू देत नसेल, तर एक सल्ला हमखास मिळतो: फडक्यात गुंडाळून घट्ट धरा, धडपड थांबेपर्यंत सोडू नका, आपोआप माणसाळेल. धडपड थांबते हे खरं. पण ती भीतीने थिजल्यामुळे. पोपट मुळात शिकार होणारा पक्षी. सुटका नाही असं कळलं की तो गप्प पडतो, आणि आपण त्यालाच विश्वास समजतो.

शिवाय यात जिवाला धोका आहे. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वास घेणारा स्नायू, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ते श्वास घेतात. छाती आवळली की पक्षी गुदमरू शकतो. औषधासाठी धरावंच लागलं, तर पशुवैद्याकडून पद्धत शिकून घ्या आणि छाती मोकळी ठेवा.

मग करायचं काय? अंतर त्याला ठरवू द्या. पिंजऱ्यापासून जिथे तो खाणं थांबवत नाही, तिथे बसा. हात पुढे केल्यावर पिसं अंगाला चपटी चिकटली, मान लांबली, तो मागे झुकला, तर हात मागे घ्या. ‘चावल्यावर हात काढला तर डोक्यावर बसेल’ हे म्हणणं इथेच फसतं: चावण्याआधीच्या खुणा मानल्या, तर चावायची वेळ बहुधा येतच नाही. आवडता दाणा आधी वाटीत, मग गजांमधून, मग तळहातावर. उपाशी ठेवून मात्र नाही. लहान पक्षी उपासाने झपाट्याने खंगतो.

एका पायावर उभा राहून चोच कुरकुर घासत असेल, तर तो निवांत आहे. माणसाळायला महिनेही लागतात.