जुनी छोटी गाडी तपासणीला आणताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मारुती ८००, अल्टो, झेन, वॅगन आर, सँट्रो किंवा इंडिका यांपैकी एखादी जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी ती आमच्याकडून तपासून घेणाऱ्या ग्राहकांना आम्ही फोनवर एक विनंती नेहमी करतो आणि नेमकी तीच विसरली जाते, म्हणून ती येथे छापून देत आहोत : गाडी थंड इंजिनाची आणि न धुतलेली मिळावी. मडगावहून बोरी पूल ओलांडून फोंड्यापर्यंत आलेली, वाटेत सर्व्हिस स्टेशनवर धुऊन चकचकीत केलेली गाडी आमच्या दारात उभी राहिली, की तिच्यातील निम्म्या गोष्टी त्या दिवशी आम्हाला दिसतच नाहीत. तापाची गोळी घेऊन डॉक्टरांपुढे बसण्यासारखा हा प्रकार आहे. मग इंजिन निवेपर्यंत ग्राहक, विकणारा आणि आमचा मेकॅनिक असे तिघेही ताटकळतात, आणि एवढे करूनही दोन-तीन तासांत निवलेले इंजिन रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाइतके खरे बोलत नाही.

याचे कारण सांगतो. जुन्या पेट्रोल इंजिनात व्हॉल्व्हची सीले कडक झाली, की रात्रभरात थोडे ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरते. सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत येतो, ते ऑइल जळून जाते आणि त्यानंतर दिवसभर धूर दिसत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर मात्र इंजिन गरम असतानाही, विशेषतः फर्मागुडीच्या चढावर गाडी ओढताना, निळा धूर येत राहतो. सीले बदलणे हे तुलनेने लहान काम आहे. रिंगांसाठी इंजिन उघडावे लागते. म्हणजे सौदा करायचा की सोडायचा, निदान किंमत किती पाडून मागायची, हे त्या पहिल्या स्टार्टवर पुष्कळसे ठरते. स्टार्टर किती जोमाने फिरतो, पहिल्या काही सेकंदांत टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज किती येतो आणि ऑइलचा दाब चढल्यावर तो थांबतो का, हेही तेव्हाच कळते.

रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडता येत नाही. उकळते पाणी तोंडावर उडते. थंड असताना ते उघडले, की आत रंगीत कूलंट आहे की विहिरीचे गंजट तांबडे पाणी, वर तेलाचा तवंग आहे का, आणि इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येतात का, हे पाहता येते. बुडबुडे थांबत नसतील, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलचा) संशय घ्यावा. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, की ऑइलमध्ये पाणी मिसळले असे समजून काही ग्राहक लगेच घाबरतात. पण पावसाळ्यात घर ते बाजार एवढेच अंतर फिरणाऱ्या गाडीत वाफेमुळेही तशी थोडी साय जमते. म्हणून आम्ही डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल आणि रेडिएटर दोन्ही पाहिल्याशिवाय मत देत नाही.

त्यानंतर थंड इंजिन चालू ठेवून तापमानाचा काटा वर चढताना पाहायचा असतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि ‘नुसते उभे राहून काय बघता’ असे आम्हाला विचारलेही जाते. पण इंजिन वारंवार तापते अशी तक्रार आली, की थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढूनच टाकायचा, असा उपाय पुष्कळ ठिकाणी केला जातो. अशा गाडीत काटा चढायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते, आणि तुंबलेला रेडिएटर किंवा थकलेला वॉटर पंप हा मूळ दोष झाकलेला राहतो. काटा मध्यावर येणे, पंखा आपोआप सुरू होणे आणि काटा पुन्हा स्थिरावणे एवढे दिसले, तर आमचे निम्मे समाधान होते. गरम आलेल्या गाडीत यातले पहिले दृश्य निघून गेलेले असते.

आता धुण्याविषयी. विकणाऱ्याने गाडी धुवावी यात गैर काही नाही, पण इंजिन धुतले, की ऑइलच्या गळतीचे माग पुसले जातात, आणि खालून डिझेलचा फवारा मारला किंवा ताजा काळा रंग फासला, की गंज नजरेआड होतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात समुद्राचे खारे वारे. त्यामुळे बार्देश, सासष्टी, मुरगाव या भागांत वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेली गाडी इंजिनाआधी पत्र्याने थकते. या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा आणि दारांखालचे रनिंग बोर्ड हेच भार पेलतात, म्हणून तेथील गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. पायाखालची मॅट उचलून, पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या वरच्या बैठकीजवळ, बॅटरीच्या ताटलीखाली आणि स्टेपनीच्या खळग्यात आम्ही स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहतो. निरोगी पत्रा खणखणतो. कुजलेला भदभद वाजतो. दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक धरला आणि तो चिकटला नाही, तर रंगाखाली लांबी (पुटी) भरली आहे असे समजावे. डिचोली-सांगे भागातील गाड्यांच्या सांदीकोपऱ्यांत कधी कधी खाणींची तांबडी धूळ सापडते, आणि तशी सापडली तर गाडी खाणींकडच्या खराब रस्त्यांवर चालली असावी असे धरून सस्पेन्शनची तपासणी आम्ही दुप्पट लक्षाने करतो.

‘मालक बोटीवर असतो, गाडी फारशी चाललेलीच नाही’ हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो आणि ते बहुधा खरेही असते. मात्र उभी राहिलेली गाडी म्हणजे चांगली गाडी, असे आम्ही मानत नाही. ब्रेक सिलिंडरची रबरे सुकतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते, उंदीर वायरी कुरतडतात. टायरची नक्षी नवी दिसली, तरी कडेवरचे चार आकडे वाचावेत : ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. अलीकडच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या इंधन नळ्यांची रबरेही तपासणे आवश्यक झाले आहे. त्या बदलणे स्वस्त आहे आणि ते काम आम्ही तपासणीच्याच दिवशी करून देतो.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढलेले असल्याने आरसीवरची (नोंदणी प्रमाणपत्रावरची) मुदत पाहूनच किंमत बोलावी. मालकाचे नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन ते कपाटात ठेवू नयेत. नोंदणीत ज्याचे नाव आहे, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, त्यामुळे नाव बदलून घेणे हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, परराज्यातील असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि गोव्याचा रस्ता कर, हे सगळे हिशेबात धरल्यावर ‘स्वस्त’ गाडी बहुधा तितकी स्वस्त राहत नाही.

गाडी घेतली नाही तरी तपासणीचे शुल्क का, असेही विचारले जाते. आमचा मेकॅनिक अर्धा दिवस त्या एकाच गाडीवर असतो आणि विकणाऱ्याकडून आम्ही काही घेत नाही; म्हणूनच ‘ही घेऊ नका’ असे आम्ही मोकळेपणाने सांगू शकतो. गाडी घेऊन तिचे काम आमच्याकडे केल्यास हे शुल्क बिलातून वजा होते. टोकन देऊन झाल्यावर तपासणीला येणाऱ्यांना आमचा अहवाल फारसा उपयोगी पडत नाही, कारण घासाघीस करायची वेळ तोवर निघून गेलेली असते.

तेव्हा विकणाऱ्याशी बोलून गाडी आदल्या संध्याकाळी सहापूर्वी आमच्याकडे आणून ठेवावी. रात्री आम्ही तिच्याखाली पुठ्ठा पसरून ठेवतो, म्हणजे सकाळी कोणते तेल कोठून गळते ते दिसते. गाडी ठेवून जाणे विकणाऱ्याला मान्य नसेल, तर फोंडा तालुक्यात आम्ही सकाळी त्याच्या घरी येतो. आम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये एवढे त्याला आवर्जून सांगावे. सोबत आरसी, विम्याचा कागद, पीयूसी आणि शक्यतो दोन्ही चाव्या आणाव्यात. चतुर्थीपूर्वीच्या दोन आठवड्यांत गर्दी असते, त्या काळातील तपासणीसाठी आगाऊ नाव नोंदवावे.