न उघडलेली बातमी

सकाळी चहाचं आधण ठेवून आई मोबाईल हातात घेते आणि बातम्यांच्या वेबसाइटवर थेट निधन वार्तेवर जाते. तिचं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. नाव, गाव आणि ‘रक्षाविसर्जन मंगळवारी सकाळी ८ वाजता’ एवढं वाचलं की तिचं काम झालं. हे सगळं यादीतच दिसतं, त्यामुळे बातमी उघडायची गरजच पडत नाही. लगेच मामीला फोन: ‘‘अगं, नंदगडची आक्का गेली की. जायला पाहिजे.’’

वेबसाइटच्या हिशेबात या बातमीला आईकडून शून्य क्लिक. जांबोटीकडे अस्वल दिसल्याची बातमी तिने उघडली, तिला मात्र एक क्लिक.

भीतीची बातमी बोटाला ओढते हे खरंच आहे. एका इंग्रजी संकेतस्थळाच्या सुमारे १ लाख ५ हजार मथळ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत होतं. याचं एक कारण असं सांगतात की धोक्याची खबर चुकली तर जीवावर बेततं, चांगली खबर चुकली तर फारसं बिघडत नाही. म्हणून मेंदू आधी धोक्याकडे वळतो. पण सगळ्यांचा मेंदू सारखा नसतो. २०१९ मध्ये १७ देशांतल्या लोकांना बातम्या दाखवून त्यांच्या त्वचेतले सूक्ष्म विद्युत बदल मोजले, तेव्हा सरासरी कल वाईट बातमीकडे निघाला, तरी माणसामाणसांत फरक मोठा होता.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांचं काम. त्यांनी वाचकांना शेजारी बसवून विचारलं, हे का उघडलंत, ते का सोडलंत? तब्बल ३० वेगवेगळी कारणं निघाली. त्यातलं एक आईचंच: मथळ्यातच सगळं कळलं.

आपल्या सीमाभागात तर हे रोजचंच. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याची तारीख असली की बेळगाव, निपाणीत घरोघरी एकच प्रश्न असतो: सुनावणी झाली की पुढे गेली? उत्तर मथळ्यातच मिळतं. जुलैत बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळीही लोक अशीच बघतात. आकडा दिसला की नळाला पाणी कसं येणार याचा अंदाज बांधून मोबाईल खिशात.

क्लिक मोजून उद्या कुणी निधन वार्ता तळाला ढकलली, तर नंदगडला किती वाजता पोचायचं हे आईला कळणार कुठून?