मामाची नजर, भाच्याचे डोळे

समजा, रावेरकडच्या केळीपट्ट्यातला विशीतला मुलगा. एक दिवस त्याला समोरच्या माणसाचा चेहराच दिसेनासा होतो. कडेचं दार, भिंत मात्र दिसते. डोळा दुखत नाही, लालही नाही. काही आठवड्यांत दुसऱ्या डोळ्याचीही तीच गत. चष्म्यानं फरक पडत नाही. मग घरातली म्हातारी म्हणते, "याच्या मामाचंही असंच झालं होतं."

निदानाची अर्धी वाट या वाक्यात आहे. हा डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक विकार, लेबर यांच्या नावानं ओळखला जाणारा (LHON). जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८७१ मध्ये त्याचं वर्णन केलं. कारण सापडायला १९८८ साल उजाडलं: मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधल्या १६,५६९ अक्षरांपैकी ११,७७८ व्या जागचं एक अक्षर बदललेलं. बहुतेक रुग्णांत बिघाड अशा तीनपैकी एका ठरलेल्या जागी असतो.

मायटोकॉन्ड्रिया पेशीची वीज तयार करतात. आपल्याकडे शेतकऱ्याला ठाऊक आहे, व्होल्टेज पडलं की मोटर नुसती मंद चालत नाही, तापून जळते. इथेही ऊर्जा कमी पडतेच, शिवाय अर्धवट प्रक्रियेतून घातक ऑक्सिजन-रेणू सुटतात आणि पेशी मरते.

पण डोळ्याची नसच का? तिच्यात सुमारे १२ लाख तंतू असतात. प्रकाश आरपार जावा म्हणून डोळ्याच्या आत त्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगानं नेणारं चरबीयुक्त, आवरण नसतं. त्यामुळे संदेश पुढे ढकलायला जास्त ऊर्जा लागते. मधली, बारकाव्याची नजर सर्वांत बारीक तंतू वाहतात. आधी तेच जातात. बाहुलीला आकुंचन पावायला सांगणाऱ्या पेशी मात्र बऱ्याचदा टिकतात. टॉर्च मारला की बाहुली नीट आकसते, आणि पोरगा नाटक करतोय असा संशय येतो. हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

मायटोकॉन्ड्रियाचा हा डीएनए फक्त आईकडून येतो. आपल्या वंशावळी बापाकडून लिहिलेल्या, त्यात हे सापडणारच नाही. डॉक्टरांना आजोळचं सांगा. बायकांची नजर बहुधा शाबूत राहते, तरी बदल पुढे जातो. त्यात मायचा काडीचाही दोष नाही, हे सासरच्यांनी नीट ऐकावं. ज्या मामाची नजर गेली, त्याच्या लेकरांना त्याच्याकडून हा आजार येत नाही.

आयडेबेनोन या औषधाला युरोपात २०१५ मध्ये मान्यता मिळाली. काहींची नजर त्यानं थोडीफार परतते. अशा मुलाची सख्खी भावंडं आज धडधाकट असली तरी त्यांच्यातही बहुधा तोच बदल असतो. त्यांनी बिडी-सिगारेट आजच सोडावी, कारण धुरानं नजर जाण्याचा धोका वाढतो.