सहीच्या चार ओळी

संदेशाखाली नाव, पत्ता आणि एखादे सुभाषित अशी ‘सही’ आपोआप जोडण्याची प्रथा युजनेट या संगणकांवरच्या चर्चागटांच्या जाळ्यात रूढ झाली, आणि तिच्यावरून सुरुवातीला जी कुरबुर झाली तिच्या मुळाशी शिष्टाचारापेक्षा पैसा होता. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ मध्ये सुचलेल्या या जाळ्यात संदेश एका संगणकाकडून दुसऱ्याकडे बहुधा टेलिफोनवरून जात, आणि त्या फोनचे बिल लिहिणारा नव्हे, तर वाटेतली विद्यापीठे व कंपन्या भरत. युनिक्स प्रणालीच्या संगणकावर सहीची फाइल एकदा लिहून ठेवली की ती प्रत्येक संदेशाला चिकटे. त्यामुळे ‘सहमत आहे’ एवढ्या मजकुरामागेही वीस ओळींचे शेपूट येऊ शके.

लॅरी वॉल यांच्या ‘आरएन’ या युजनेटचे संदेश वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये तर संदेश पाठवण्यापूर्वी, तो सर्वत्र पोचवायला शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च येईल, असा इशाराच झळके. सहीला चार ओळी, प्रत्येकी फार तर ८० अक्षरे, ही मर्यादा त्याच काटकसरीतली. १२०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १२० अक्षरे धाडणाऱ्या, मोडेमला एवढी सही पाठवायला जेमतेम तीन सेकंद लागत, पण ते प्रत्येक संदेशामागे आणि प्रत्येक टप्प्यावर मोजावे लागत. ऑक्टोबर १९९५ च्या ‘आरएफसी १८५५’ या शिष्टाचार-टिपणातही चार ओळींचाच दंडक सांगितला आहे आणि कारणही तेच दिले आहे: अनेक जण जोडणीचे पैसे मिनिटावर मोजतात.

दंडक मोडणाऱ्यांची खोड मात्र नियमांनी नव्हे, थट्टेने मोडली जाई. १९९१ च्या सुमारास ‘वॉरलॉर्ड’ म्हणवणाऱ्या एका नवख्याने सहीत अक्षरांनी रेखाटलेली भलीमोठी तलवार लावली. त्यावर ‘ऑल्ट.फॅन.वॉरलॉर्ड’ नावाचा चर्चागटच निघाला, आणि तिथे अवाढव्य सह्यांचे इतके गंभीरपणे कौतुक होई की ज्याचे होई त्याला तोंड लपवावे लागे.

सर्वांत बारीक वाद होता तो सही कुठे सुरू होते याचा. संकेत असा की, एका स्वतंत्र ओळीवर दोन आडव्या रेघा द्याव्यात आणि त्यांच्यानंतर एक रिकामी जागा सोडावी, म्हणजे वाचणाऱ्याचा प्रोग्राम त्याखालचा भाग ओळखून उत्तरातून वगळू शकतो. शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उठवीत, ती मजकूर इथे संपला हे सांगण्यासाठीच. फरक इतकाच की मोर्तब डोळ्यांना दिसे. पुढे मायक्रोसॉफ्टचे आउटलुक एक्सप्रेस हे संदेश पाठवण्याचे सॉफ्टवेअर घरोघरी पोचले आणि संदेश पाठवताना ती अखेरची रिकामी जागा गाळू लागले. जुनी मंडळी नवख्यांना फैलावर घेत, आणि नवखे आपल्या दोन रेघांकडे बोट दाखवत. पडद्यावर तर दोन्ही सह्या अगदी सारख्याच दिसत.