कृषी आकडेवारीची सामाईक मानके : पार्श्वभूमी

सर्व देशांच्या शेतीचे आकडे एकाच तक्त्यात मांडता यावेत, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पिकाचा आणि साठ्याचा अंदाज मूठभर व्यापाऱ्यांनाच ठाऊक असेल, तर भावाच्या बाबतीत शेतकरी कायम त्यांच्यावर अवलंबून राहणार, हे कॅलिफोर्नियात व्यवसाय केलेल्या डेव्हिड ल्युबिन यांनी ओळखले होते. इटलीचे राजे तिसरे व्हिक्टर इमॅन्युएल यांनी त्यांचा विचार उचलून धरला आणि १९०५ मध्ये रोम येथे आंतरराष्ट्रीय कृषी संस्थेचा पाया घातला गेला. याच संस्थेच्या पुढाकाराने १९३० ची पहिली जागतिक कृषी गणना झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे आले.

आकडे जमू लागले, तरी ते एकमेकांशी जुळतातच असे नव्हते, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच होती. एक देश भाताचे उत्पादन साळीच्या, म्हणजे तुसासकट दाण्याच्या, वजनात कळवतो, तर दुसरा सडीक, म्हणजे तूस व कोंडा काढलेल्या पांढऱ्या, तांदळाच्या. साळ भरडून सडल्यावर मूळ वजनाच्या साधारण दोन तृतीयांशच तांदूळ हाती येत असल्याने, आकडा नेमका कशाचा आहे हे सोबत लिहिलेले नसेल, तर दोन्ही देशांनी प्रामाणिकपणे मोजूनही तुलना चुकते. त्यात कोणी कॅलेंडर वर्ष धरतो, कोणी विपणन वर्ष, म्हणजे नवे पीक बाजारात येऊ लागल्यापासून मोजलेले वर्ष, आणि तेही पिकागणिक बदलते.

व्यापाराच्या बाजूने १९८८ पासून लागू झालेल्या सीमाशुल्क वर्गीकरणाने, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टिमने, हा गुंता बराच सोडवला. त्यात १००६ या शीर्षाखाली साळ, तूस काढलेला तांदूळ, सडीक तांदूळ आणि कणी यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. उत्पादनाच्या आकडेवारीसाठी मात्र अन्न व कृषी संघटना दीर्घकाळ स्वतःचीच वस्तुसूची वापरत असे. पुढे तिने संयुक्त राष्ट्रांचे केंद्रीय उत्पादन वर्गीकरण स्वीकारले, आणि ते हार्मोनाइज्ड सिस्टिमशी जोडलेले असल्याने उत्पादन व व्यापार यांची सांगड घालणे सोपे झाले.

वर्गीकरण एक झाले, तरी आकडे पाठवण्याची पद्धत एक नव्हती. त्यासाठी जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट आदी सात संस्थांनी २००१ मध्ये एसडीएमएक्स हा आकडेवारीच्या देवाणघेवाणीचे सामाईक मानक ठरवणारा उपक्रम सुरू केला. या मानकात प्रत्येक आकड्यासोबत देश, वस्तू, निर्देशक (म्हणजे काय मोजले ते), कालावधी आणि एकक यांचे संकेतांक जातात. शिवाय तो आकडा अधिकृत आहे की अंदाजित, हेही नोंदवता येते. ही शेवटची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यावाचून अंदाजही पाहणीइतकाच पक्का भासतो. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने या मानकाला पसंती दिली.

त्याच सुमारास, २००७-०८ मध्ये, धान्याचे भाव भडकले आणि साठ्यांच्या माहितीतील उणिवा उघड झाल्या. २०११ मध्ये जी-२० देशांनी गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन यांच्यासाठी कृषी बाजार माहिती प्रणाली स्थापन केली. मात्र देशी पीकसूचीची आंतरराष्ट्रीय संकेतांकांशी जुळणी आजही प्रत्येक देशाच्या सांख्यिकी कार्यालयालाच करावी लागते, आणि वर्गीकरणाची नवी आवृत्ती आली की ती पुन्हा तपासावी लागते.