ई-व्हेरिफायची सक्ती राज्यांच्या हातात आली कशी

अमेरिकेत स्टेम ओपीटीवर (सायन्स-इंजिनिअरिंग शिकून झाल्यावर मिळणारी कामाची वाढीव परवानगी) असलेल्या आपल्या पोरांना ई-व्हेरिफाय (माणसाला कामाची परवानगी आहे का ते ऑनलाइन तपासायची सरकारी सिस्टीम) हा शब्द पाठ असतो, कारण कंपनी त्यात रजिस्टर नसेल तर एक्स्टेन्शन मिळत नाही. हा नियम २००८ चा. पण मूळ भांडण स्टुडंट्सचं नाहीच, ते शेतमजुरांचं आणि त्यांच्या मालकांचं.

१९५२ च्या फेडरल कायद्यात बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणं गुन्हा होता, पण त्याला कामावर ठेवणं म्हणजे आसरा नाही अशी पळवाट मुद्दाम ठेवलेली, टेक्सासच्या शेतमालकांची कृपा. म्हणजे मजूर हाकलला जायचा, मालक मोकळा. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये स्वतःचा कायदा करून बघितला, पण देशभर मालकावर जबाबदारी आली ती १९८६ ला, रीगनच्या काळात. आय-नाइन फॉर्म, म्हणजे मालकाने नव्या माणसाचे कागद बघून भरायचा फॉर्म, तेव्हाचा. पण कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला, मग काय, खोट्या सोशल सिक्युरिटी कार्डांचा (त्यावर सरकारी ओळख नंबर असतो) धंदा जोरात. म्हणून १९९७ ला पाच राज्यांत नाव-नंबर सरकारी रेकॉर्डशी ताडून बघायचा पायलट सुरू झाला, २००३ नंतर तो देशभर पसरला आणि २००७ ला त्याचंच नाव ई-व्हेरिफाय झालं. बहुतेकांसाठी ऐच्छिकच हां.

आता खरी गंमत. १९८६ च्या कायद्यात लिहिलंय की मालकांना शिक्षा राज्यांनी करायची नाही, धंद्याचं लायसन्स देण्या-काढण्यासारखे कायदे सोडून. ॲरिझोनाने २००७ मध्ये नेमकं तेच पकडलं, ई-व्हेरिफाय सगळ्यांना सक्तीचं, आणि मुद्दाम बेकायदा माणूस ठेवल्याचं दुसऱ्यांदा सिद्ध झालं तर धंद्याचं लायसन्सच रद्द. चेंबर ऑफ कॉमर्स, म्हणजे धंदेवाल्यांची संघटना, कोर्टात गेलं आणि २०११ ला सुप्रीम कोर्टात ५-३ ने हरलं. त्याच वर्षी अलाबामा, जॉर्जिया वगैरे रांगेत आलेच, जॉर्जियात तर कायद्याच्या धसक्याने मजूर एवढे पळाले की गव्हर्नरने प्रोबेशनवरचे (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेले) लोक शेतात पाठवून बघितले, त्यातले बरेच दुपारपर्यंतही टिकले नाहीत. कॅलिफोर्निया बरोबर उलटी गेली, तिथे महापालिकांना अशी सक्ती करायलाच बंदी.

सिस्टीमची मोठी भोकं तशीच आहेत, दुसऱ्या कुणाचे खरे कागद वापरले तर बऱ्याचदा पास होतं, आणि कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस त्यात येतच नाही. फ्लोरिडाने २०२३ ला खाजगी मालकांवर सक्ती आणली तीही २५ किंवा जास्त कामगार असतील तरच, म्हणजे २४ माणसं ठेवणारा तिथे अजून नुसत्या आय-नाइनवर सुटतो.