छत्तीसचा आकडा

गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळी घरी आले की पहिलं काम ठरलेलं असायचं, ब्राचा पाठीचा हुक काढायचा. दोन्ही खांद्यांवर स्ट्रॅपचे लाल वळ, छातीखाली घामोळं, आणि आरशात पाठमोरं पाहिलं तर पट्टा मधोमध वर चढून कमान झालेला. वय ४९. आकडा मात्र ३६, दुसऱ्या बाळंतपणानंतर घेतला होता तोच. वीस वर्षं दुकानात जाऊन "३६ द्या" एवढंच म्हणायचं, कागदात गुंडाळलेलं खोकं पर्समध्ये टाकायचं आणि निघायचं. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून न पटणाऱ्या दोघांत आपण छत्तीसचा आकडा आहे म्हणतो. माझ्या अंगाचं आणि माझं तसंच झालंय, मीच बेढब झालेय, असं मी धरून चालले होते. मग हा आकडा मुळात आला कुठून, हे वाचायला बसले.

आधी अंगाबद्दल. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. त्या सुमारास इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, स्तनांमधल्या दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आक्रसतात आणि त्यांची जागा चरबी घेते. ग्रंथींमुळे असलेला भरीवपणा त्यामुळे कमी होतो. स्तनाला आतून धरून ठेवणारे तंतू ब्रिटिश शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४०मध्ये आपल्या ग्रंथात वर्णन केले, म्हणून आजही त्यांना 'कूपरचे बंध' म्हणतात. हे तंतू एकदा ताणले की पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. शिवाय याच वयात वजन पोटावर आणि पाठीवर साठतं, म्हणजे छातीखालचा घेरही बदलतो. वरचा भाग रिकामा होतो आणि भार खाली सरकतो. कुणाची छाती वाढते, कुणाची उतरते. हे सगळं काही वर्षांत घडतं, आणि दुकानात आपण जुनाच आकडा सांगत राहतो.

माझ्या आजीला आकडा माहीतच नव्हता. ती गाठीची चोळी घालायची. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, आखूड बाह्या आणि छातीखाली समोर बांधलेली गाठ. आजारपणात ती वाळली तेव्हा गाठ आवळली गेली, बाळंतपणात अंग भरलं तेव्हा तीच गाठ सैल झाली. त्या चोळीचा आधार आजच्या ब्राइतका नसेल, पण अंग बदललं की चोळी अंगामागून जायची. आईच्या पिढीत 'बॉडी' आली. मांजरपाटाची किंवा लाँगक्लॉथची, घरच्या मशिनवर शिवलेली, पुढे हुकांची रांग. धुऊन ती टॉवेलखाली वाळत पडायची. तीही मापाचीच असायची, कारण शिवणारीच घालणारी होती.

युरोपात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. ऑस्ट्रियातल्या पूर्व टिरोलमधल्या लेंगबर्ग किल्ल्याच्या दुरुस्तीत २००८मध्ये एका मजल्याच्या जमिनीखालच्या भरावातून २,७००हून अधिक कापडाचे तुकडे निघाले. पंधराव्या शतकातल्या त्या तुकड्यांत वेगवेगळे दोन कप शिवलेली लिननची वस्त्रंही होती, आजच्या ब्राशी थेट नातं सांगणारी. पुढे मात्र कॉर्सेटचा, म्हणजे छातीखालून कंबरेपर्यंत आवळून बांधायच्या कडक वस्त्राचा काळ आला. कॉर्सेट छाती खालून वर ढकलायचं आणि सगळा भार कंबर वाहायची. १८८९मध्ये पॅरिसच्या हर्मिनी कादोल यांनी कॉर्सेटचे दोन तुकडे केले आणि वरच्या तुकड्याला खांद्यांवरून पट्टे दिले. भार खांद्यांवर आला तो तिथून. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी दोन रेशमी रुमाल आणि गुलाबी फीत जोडून एक हलकं वस्त्र तयार केलं आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. नंतर ते १,५०० डॉलरला वॉर्नर ब्रदर्स कॉर्सेट कंपनीला विकलं. ते वस्त्र छाती सपाट करायचं, उचलून धरायचं नाही. विशीतल्या सडपातळ मुलीने स्वतःसाठी बेतलेली वस्तू होती ती.

विसाच्या दशकात सपाट छातीची फॅशन होती आणि तशा पट्ट्या 'बॉइश फॉर्म' नावाने विकल्या जायच्या. न्यूयॉर्कमध्ये कपडे शिवणाऱ्या आयडा रोझेन्थल, त्यांचे पती विल्यम आणि भागीदार एनिड बिसेट यांना दिसत होतं की भरल्या अंगाच्या गिऱ्हाइकांना झगा नीट बसतच नाही. त्यांनी झग्याच्या आतच दोन कपांचा आधार शिवायला सुरुवात केली. बायका झग्यापेक्षा तो आतला तुकडाच मागू लागल्या. १९२२मध्ये त्यातून मेडनफॉर्म उभी राहिली. या सगळ्या इतिहासात मला हा प्रसंग सर्वांत जवळचा वाटतो. मापाची टेप हातात असलेल्या माणसांनी समोरच्या बाईकडे नीट पाहिलं, आणि त्यातून वस्तू सुधारली.

ए, बी, सी, डी ही अक्षरं त्यानंतर दहा वर्षांनी आली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एस. एच. कँप अँड कंपनी नावाची कंपनी होती, वैद्यकीय आधारपट्टे आणि कॉर्सेट तयार करणारी. तिने १९३२मध्ये स्तनांचा आकार आणि ते किती ओघळले आहेत हे पाहून त्यांना ए ते डी अशी अक्षरं लावली. म्हणजे अक्षरांची सुरुवात शोभेच्या बाजारात झाली नाही, ओघळलेल्या छातीला आधार देणाऱ्यांकडे झाली. आपल्यासारख्यांसाठीच ती होती. तिशीच्या दशकातच वॉर्नरने ही पद्धत उचलली आणि पुढे ती जगभर रुजली.

आकड्याचं कोडं इथे सुटतं. त्या काळातले पट्टे सुती किंवा साटीनचे, जेमतेम ताणले जाणारे. छातीखालचं माप घ्यायचं आणि त्यात ४ किंवा ५ इंच मिळवून आकडा काढायचा, ही रीत त्या कापडाच्या जमान्यातली मानली जाते. पुढे १९५८मध्ये ड्यू पाँत कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स हा ताणला जाणारा धागा तयार केला आणि पट्टा भरपूर ताणला जाऊ लागला. ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यात ४ इंच मिळवले तर तो पाठीवर चढणारच. ब्राचा बहुतेक आधार पट्ट्यातून यायला हवा. पट्टा सैल असला की तो भार स्ट्रॅपवर जातो आणि खांद्यांना वळ पडतात. माझ्या पाठीवरची कमान हेच सांगत होती, आणि मी मात्र स्ट्रॅप आवळत बसले होते.

घरी टेप घेऊन बसले. श्वास सोडून छातीखालचं माप ३३ इंच, छातीच्या सर्वांत भरल्या जागी ४०. जुन्या रीतीने ३३ विषम, म्हणून ५ मिळवायचे, पट्टा ३८. चाळिसातून ३८ गेले, उरले २, म्हणजे बी कप. ४-५ इंच न मिळवणाऱ्या ब्रिटिश पद्धतीने ३३च्या पुढचा सम आकडा, म्हणून पट्टा ३४ आणि फरक ६ इंचांचा, म्हणजे ई कप (तिथे डी आणि ईच्या मध्ये डीडी येतो). अंग एकच, टेप एकच, आणि एका रीतीने ३८ बी तर दुसरीने ३४ ई. यात ३६ कुठेच नव्हता.

अक्षराचीही एक गोष्ट कुणी सांगत नाही. कपचं अक्षर एकटं काहीच दाखवत नाही, ते पट्ट्याच्या जोडीनेच वाचायचं. ३८ बी, ३६ सी आणि ३४ डी यांचा कप जवळजवळ तेवढाच असतो. त्यामुळे डी म्हटलं की प्रचंड छाती, ही समजूत खरी नाही. पट्टा एक माप खाली आणला की अक्षर एक पुढे जातं, एवढाच त्याचा हिशोब. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसावी, हेही मला चाळिशी उलटल्यावर कळलं. वापरून इलॅस्टिक सैल पडतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात.

मनाला लागतं ते वेगळंच. ब्लाउज शिवायचं तर आपण शिंप्याकडे मापाला ब्लाउज देतो, नाहीतर टेप लावू देतो. कटोरी ब्लाउजची कटोरी म्हणजे कपच. ती किती खोल, टक्स कुठे, यावर आपण दोन-दोनदा दुरुस्ती करून घेतो. वजन वाढलं की "बाजूची शिलाई उसवा" असं सहज सांगतो. त्याच ब्लाउजच्या आतल्या कपड्याबाबत मात्र काउंटरपलीकडच्या पुरुषाला हळू आवाजात एक आकडा सांगून पळ काढतो. मोठ्या आकारांचा रंग बहुधा एकच, तोही कातडीसारखा, आणि घालून पाहायची सोय नाही. २०११मध्ये बंगळुरूहून झिवामे हे अंतर्वस्त्रांचं ऑनलाइन दुकान सुरू झालं, तेव्हा पुष्कळ जणींना पहिल्यांदा घरबसल्या मापाचा तक्ता शांतपणे वाचता आला.

मध्यमवयीन बाईच्या कामाला येणारं काही घडलं ते बहुतेक वेळा अडलेल्या बाईनेच घडवलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९७७ साली लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडू आतून घालतात ते दोन आधारपट्टे (जॉकस्ट्रॅप) जोडून धावण्यासाठीची पहिली ब्रा शिवली. आज सकाळी चालायला जाणाऱ्या पन्नाशीच्या बायकांना तिचा उपयोग आहे. बार्बी बाहुली आणणाऱ्या रूथ हँडलर यांचा स्तन १९७०मध्ये कर्करोगामुळे काढावा लागला. तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. बाजारातलं कृत्रिम स्तन त्यांना ओबडधोबड वाटलं. त्यांनी डावा आणि उजवा वेगळा असलेला नमुना तयार करवून घेतला, 'निअरली मी' नावाने विकायला आणला आणि दुकानांमध्ये जाऊन बायकांना स्वतः बसवून दिला.

या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. हात पाठीमागे जाईना, हुक लावायला मुलीला हाक मारावी लागायची. तुळशीबागेत एका दुकानात काउंटरवर बाई होत्या. "पुढून हुक असलेली आहे का?" असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, आधी टेप लावू या का?" पडदा ओढून त्यांनी मापं घेतली आणि वरच्या फळीवरचं खोकं काढलं. रुंद पट्टा, सुती अस्तर, पुढे हुक, ३६ डीडी. ३४ त्यांच्याकडे डीच्या पुढे येतच नाही, आणि ३४ डी घालून पाहिली तर वरून दाटत होती. ३६ डीडीचा कप ३४ ईएवढाच, शिवाय कापड जाड, पट्टा कमी ताणला जाणारा, म्हणून आवळून नीट बसली. वर स्ट्रॅपखाली दोन बोटं सहज जात होती. बाहेर आले तेव्हा शेजारच्या दुकानात माझ्याच वयाची एक बाई "३८ द्या" म्हणत होती. खोक्यावर ३८ छापलं होतं, कप कोणता ते कुठेच नव्हतं.